ताप नव्हता

डॉक्टरांनी तिच्याकडे न बघताच शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर दाबला आणि छापील फॉर्मवर ठोकला. ‘विषाणूजन्य ताप. तीन दिवस विश्रांती.’ खाली सही ओढली आणि फॉर्म पुढे सरकवला.

“पुढचं कोण आहे, पाठवा.”

ती जागची हलली नाही.

“डॉक्टर, मला ताप नव्हता.”

चपलांच्या कारखान्यात तळ चिकटवायच्या टेबलावर तिला बारा वर्षं झाली होती. तिच्याहून मोठ्या बायकाही तिला ताई म्हणत. दुपारच्या भोंग्याआधी दाखला टाइमकीपरच्या खिडकीत पोचला नाही, तर तिचे तीन दिवस बिनपरवानगी धरले जाणार होते. आणि बिनपरवानगी तीन दिवस म्हणजे सरळ घरचा रस्ता. डॉक्टरांना हे पाठ होतं. त्यांचा दवाखाना फाटकाला लागूनच होता आणि त्यांची अर्धी सकाळ अशाच दाखल्यांत जायची.

“अहो ताई, ताप नव्हता हे मला कळत नाही का?” ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. “पण ताप लिहिला की रजा मुकाट्यानं मंजूर होते. कोणी काही विचारत नाही. तुमच्याच भल्यासाठी आहे.”

“माझी बोटं बधिर झालीत. दोन्ही हातांची. परवा चुलीवरचं पातेलं उघड्या हातानं उचललं आणि मला पत्ताच नाही. मुलगी ओरडली तेव्हा कळलं.”

“मलम देतो.”

“मलम आहे घरी. मला कागदावर हात लिहून हवाय.”

दार अर्धवट उघडं होतं. बाहेरच्या बाकावर कारखान्याच्याच पाच-सहा बायका दाखल्यासाठी बसल्या होत्या. त्यांचं बोलणं थांबलं. डॉक्टरांनी आवाज खाली आणला.

“हात लिहिला की चौकशी लागते.”

“लागू दे.”

“लागू दे काय? उद्या म्हणतील, हिचा हात चालत नाही, हिला टेबलावरून उठवा. मग काय करणार?”

घरात कमावणारी ती एकटी. समोर सही होती, शिक्का होता, शाई अजून ओली होती. दाखला उचलायचा आणि चालू पडायचं, एवढंच. गेल्या दोन खेपांना तिनं तेच केलं होतं.

तिनं हात पुढे केला. कागद पातळ होता, टेबलाला अगदी चपटा चिकटून बसलेला. तिनं कडेला नख लावलं, ते घसरलं. पुन्हा लावलं. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर नुसती घासत राहिली, मधे कागद आलाच नाही. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनीच तो उचलून तिच्यापुढे धरला.

“राहू द्या,” ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “उचलता येत नाही तो घेऊन मी जायचं कशाला?”

डॉक्टरांनी फॉर्म खाली ठेवला आणि तिचा हात जवळ ओढून पाहिला. मग म्हणाले, “डोळे मिटा. मी बोटाला पेन लावतो. कुठलं बोट, ते सांगा.”

तिनं डोळे मिटले. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. ती वाट बघत होती.

“लावा ना,” ती म्हणाली.

“पाचही झाली,” डॉक्टर म्हणाले.

तिनं डोळे उघडले. त्यांनी शिक्क्याचा फॉर्म टरकावला आणि कोरा पुढे ओढला. या वेळी ते हातानं लिहीत होते, सावकाश. दोन्ही हातांच्या बोटांची संवेदना गेलेली. मोठ्या रुग्णालयात तपासणी आवश्यक. मग पेन थांबलं.

“कारणाची ओळ मोकळी ठेवतो.”

“भरा. गोंद लिहा. त्यातलं ते उग्र वासाचं औषध लिहा, नाव तुम्हाला माहीत असेल.”

“ताई, तपासणीआधी ‘गोंदामुळे’ असं लिहिता येत नाही मला. फार तर ‘संशय’ लिहीन.”

“चालेल. संशय लिहा. पण वाचता येईल असं लिहा.”

डॉक्टरांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. एकेक अक्षर सुटं काढून त्यांनी ओळ भरली, सही केली आणि कोपऱ्यात स्वतःचा नोंदणी क्रमांक घातला. तो ते सहसा घालत नसत.

“मलाही विचारतील आता,” ते म्हणाले.

“सांगा मग,” ती म्हणाली.

तिनं कागद दोन्ही तळव्यांच्या मधे धरला आणि बाहेर आली. बाकाच्या टोकाला तिच्याच टेबलावरची बाई बसली होती, सगळ्यांत म्हातारी, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. ती ताईच्या तोंडाकडे बघत नव्हती, हातांकडे बघत होती.

“ताई,” तिनं हळूच विचारलं, “तुला कुठल्या बोटापासून सुरू झालं?”

“करंगळीपासून.”

पदराआड, ओढणीखाली, एकेकीनं आपली करंगळी दाबून पाहिली.