ओढ्याकाठचा लायरबर्ड

पबच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही आपापल्या वेडावर बोलतो. माझं वेड लायरबर्ड. हा पक्षी ऐकलेला आवाज हुबेहूब काढतो. “काय बेरिल, पुन्हा पाखरंच? झोपू का मग?” समोर बसलेला शेजारी केल्विन म्हणाला. मी इस्पितळात असताना माझी ओढ्याकाठची सात झाडं कुणीतरी कापली. केल्विनच्या खिडकीतून आता डोंगर दिसतो. “त्या ओढ्याकडे मी कधी फिरकलोच नाही,” हे त्याचं पालुपद. तीन महिने मी तिथल्याच झुडपात माइक धरून बसले होते. आज रेकॉर्डिंग लावलं. लायरबर्डने करवतीच्या यंत्राची घरघर काढली, मग झाड कोसळल्याचा कडकडाट. “करवत काय, कुणाचीही असेल!” तो खेकसला. “दम धर, पुढचं ऐक.” पक्ष्याने कुत्र्याला बोलावतात तशी माणसाची शीळ काढली. केल्विनच्या खुर्चीखाली झोपलेला त्याचा कुत्रा ताडकन उठला आणि शेपटी हलवत स्पीकरकडे धावला.