एकादशीचा नेम

"माहीच चूक झाली असंन, मॅडम," डोमाजीकाका मान खाली घालून म्हणाले. "तुमच्या प्रयोगशाळेच्या मांगून रोजचं येनंजानं. माह्याच कपड्याले चिटकून किडा आला असंन."

शैलजाला वर बघवेना. संशोधन केंद्राचा अहवाल तिनेच आणला होता. काकांच्या संत्र्याच्या चाळीसही झाडांना ग्रीनिंग हा बरा न होणारा रोग झाला होता. आता सगळी झाडं तोडायची होती.

रोगाचे जंतू वाहणारे सायला किडे पिंजऱ्यात वाढवायचे आणि प्रयोग संपला की स्पिरिटात बुडवून मारायचे, हे तिचंच काम. गेल्या वर्षी प्रयोग संपला तो नेमका एकादशीला. उपासाच्या दिवशी जीव मारायचा नाही, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. तिने खिडकी उघडून पिंजऱ्याची जाळी सोडली, आणि मोठं पुण्य पदरात पडल्यासारखी घरी जाऊन भगर खायला बसली. खिडकीपलीकडे कुंपण होतं आणि कुंपणाला लागून काकांची बाग.

"काका, तुमची काही चूक नाही," ती कशीबशी म्हणाली. "किडे मीच सोडले. एकादशी होती, मारवले नाहीत."

काकांनी मान वर केली. "कितीक होते?"

"सात."

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते कुऱ्हाड घेऊन पहिल्या झाडापाशी गेले, चपला काढल्या आणि झाडाला हात जोडले.

मागे उभ्या शैलजाचे हात काही वर आले नाहीत.