मागचे फूटरेस्ट

वाचकहो, प्रस्तुत हकिकतीचा उलगडा मजपाशी नाही, हे प्रथमच निवेदन करतो.

ओहायोतील लॉरेन आपल्या दिवंगत पतीची, वेन्डेलची, जुनी मोटारसायकल विकणार होती. झिजलेले भाग तुटण्याआधीच बदलावेत म्हणून शेजारचा ड्वेन गॅरेजात खपत होता.

"वहिनी, हे मागचे फूटरेस्ट सारखे खाली का करता? माझी नडगी फुटली!"

"मी कशाला हात लावतेय, मेल्या?"

ड्वेनने ते पुन्हा दुमडले. ब्रेकची नवी केबल बसवून पाहतो, तर ते खालीच.

लॉरेन पांढरीफटक पडली. फिरायला निघताना वेन्डेल तिला कधी हाक मारीत नसे. फूटरेस्ट खाली करून मुकाट्याने वाट पाहत असे.

"उतरा ना वहिनी, गिऱ्हाईक येतंय..."

ती रडत मागे बसली होती. तिच्यापुढची रिकामी सीट हळूहळू दबली.

वाचकांचा ऋणी,
अर्ल टकर