चक्रम बाईची सायकल

मंगलाने अलकाला हळदीकुंकू लावलंच नाही. करंडा घेऊन सरळ पुढच्या बाईकडे गेली. सिल्वासातल्या सरकारी क्वार्टर्समधल्या बायका कैरीची डाळ हातात तशीच धरून एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

अलका शाळेत मास्तरीण. मूळची अलिबागची, लग्नाची राहिलेली, आणि दिवाळीपासून सायकलवर बसणारी. त्रेसष्ट साली बाईमाणूस सायकलवर! पदर खोचून ती खानवेलच्या रस्त्याला लागली की ओट्यावरच्या बायका म्हणायच्या, निघाली चक्रम. सगळ्यांत मोठ्याने म्हणायची ती मंगला. तिला स्वतःला जन्मात कुणी चक्रम म्हटलं नव्हतं. माहेरी शहाणी मुलगी, सासरी शहाणी सून.

आणि त्या चक्रम बाईला सायकल शिकवली कुणी? खुद्द मंगलाच्या नवऱ्याने. विश्वनाथ कचेरीतला कारकून, पण संध्याकाळी मैदानात सीट धरून तिच्यामागे धापा टाकत पळायचा. मंगला दारातून बघत राहायची. तव्यावर पोळी करपायची तरी नजर हलत नसे. अलका पडली की हिला बरं वाटे. ती धूळ झटकून पुन्हा बसली की हिचा जळफळाट होई. शेवटी एक दिवस विश्वनाथने हात सोडला आणि अलका एकटीच पार नदीच्या वळणापर्यंत गेली. त्या रात्री मंगला जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली. शेजारणी काय दूधखुळ्या होत्या? नवऱ्याला आवर गं बाई, असा सल्ला प्रत्येकीने देऊन झाला होता.

आता भर हळदीकुंकवात अलका उठून उभी राहिली. डोळे भरले होते, पण बोलली नीट.

"वहिनी, तुम्हाला वाटतं तसलं काही नाही. विश्वनाथराव मला भावासारखे. तुमच्या मनात किल्मिष नको. उद्याच सायकल विकून टाकते."

मंगलाचा चेहरा एकदम उतरला. करंडा तिने कुणाच्या तरी हातात कोंबला आणि अलकाचं मनगट घट्ट पकडलं.

"विकशील तर खबरदार," ती म्हणाली. "मग मी शिकू कशावर?"