शिडीचे पाच मार्क

“सर, माझं उत्तर बरोबर आहे.” जानकीने तिसऱ्यांदा सांगितलं आणि चौऱ्याऐंशी सालच्या प्रिलिमचा पेपर करंदीकर सरांच्या नाकासमोर धरला.

तेरा फुटांची शिडी भिंतीला टेकलेली. तिचा पाय भिंतीपासून पाच फुटांवर असताना सेकंदाला एक फूट वेगाने सरकतोय. वरचं टोक किती वेगाने खाली येतंय? जानकीने लिहिलं होतं, सेकंदाला पाच इंच. सरांच्या पिवळ्या पडलेल्या वहीत होतं, जवळजवळ अडीच फूट. पाच मार्कांवर काट. एकूण तेहतीस. पस्तीस नाहीत तर बारावीचं हॉल तिकीट नाही, आणि मग इंजिनिअरिंगचं नावच नको.

“बारा वर्षं हाच प्रश्न देतोय,” सर म्हणाले. “आजवर कोणी हूं की चूं केलं नाही.”

“त्यांच्यात कोणी शिडी धरली नसेल. माझे बाबा रंगारी आहेत, सर. दर रविवारी मी खाली उभी असते.”

“गणित कागदावर होतं. विक्रोळीच्या भिंतींवर नाही.”

झालं! एरवी ‘हो सर, हो सर’ करणारी पोर, पण तिचं डोकंच फिरलं. तरातरा जिन्यापाशी गेली. वही घेऊन सरही मागोमाग आले. तिथे शिपाई लवू ट्यूबलाइट बदलून नुकताच उतरला होता.

“लवूमामा, शिडी जरा द्या.”

शिडी तेरा फुटीच. सरांनी प्रश्न तिच्यावरूनच तर काढला होता. खाली एकेक फुटाच्या लाद्या. तिने पाचव्या लादीच्या कडेला शिडीचा पाय टेकवला. लवूने वर चढून टोकापाशी भिंतीवर खडूने खूण केली. तो उतरल्यावर तिने पाय एक लादी बाहेर ओढला. लवू पुन्हा चढला, नवी खूण केली आणि तिच्या कंपासपेटीतली सहा इंची पट्टी दोन्हींच्या मधे धरली.

“साडेपाच इंच, सर. अख्खी पट्टी भरूक नाय.”

“साडेपाच!” सरांना हुरूप आला. “म्हणजे तुझं पाचही चूक.”

“पाच सुरुवातीला, सर. सरकता सरकता वेग वाढत जातो. म्हणून तर डेरिव्हेटिव्ह काढायचं. तुम्हीच शिकवलंत.”

जिन्यावर जमलेली पोरं फिदीफिदी हसली. सरांनी वही उघडली. पाचाखाली बारा हवे होते, तिथे बाराखाली पाच लिहिले होते. त्यांचे कान लाल झाले.

“बरं, दोन मार्क वाढवतो. गरीब घरची आहेस. पास हो आणि जा.”

दोन मिळाले की पस्तीस. सुटलीच असती. पण रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“दया नको, सर. उत्तर बरोबर आहे. पाच द्या.”

“लवू, त्या खुणा पूस आधी!”

लवू फडकं घेऊन चढला. जानकीने शिडीच्या पायाला आपला पाय घट्ट टेकवला.

“मामा, वरच थांबा. सरांनी पाच लिहिले की पुसा.”