सदाफुलीचा काढा

“शेरडंसुदीक तोंड लावत न्हाईत या पाल्याला, आन् तू माणसाला पाजतीस?” शेरडं घेऊन दारावरून जाताना बानूबाई म्हणाली होती. रत्ना नुसती हसली होती. तिचं इंटर सायन्स झालेलं. सदाफुलीतल्या द्रव्यानं कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबते, असं पुण्याच्या वर्तमानपत्रात चक्क छापून आलं होतं.

आज सासूबाईंना तपासून झाल्यावर पुण्याच्या डॉक्टरांनी तेच कात्रण वाचलं. “खरं आहे. पण गाडीभर पाल्यातून चिमूटभर औषध निघतं, आणि ते शिरेतून देतात. काढ्यानं काय होणार? छातीतली गाठ काखेत गेली, यकृतात गेली. सहा महिन्यांपूर्वी आणायचं होतं यांना.”

गावी, माल्याला, घरी पोचल्यावर सासूबाई, गोजराबाई, चुलीपाशी टेकल्या. “काढा ठेव, रत्ना.”

“आता नको, आत्याबाई.”

“का? कागदात लिवलंय न्हवं?”

 रत्नाच्या पदराखाली तान्ही दूध पीत होती.

“गाठ मऊ झाली म्हणायचात तुम्ही. मी रोज विचारत होते.”

“तू तोंडाकडं अशी आशेनं बघायचीस, काय सांगू तुला? आन् परक्या बाप्यापुढं चोळी सोडण्यापरीस कडू प्यालेलं बरं.” गोजराबाईंनी पाय लांब केले. “चंद्रीला पन लागू पडलाय म्हनं.”

रत्नानं मान वर केली. चंद्राबाई म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, पिरंगुटला दिलेली.

“त्यांना काय झालंय?”

“तेच की. संक्रांतीला आली तवा दोन रोपं घिऊन गेली. तुला सांगू नगं म्हनली, लाजती. म्हनली, शिकल्याली सून हाय तुजी, तिचं औशिद चुकायचं न्हाई.”

तान्हीनं पिणं सोडलं आणि ती रडायला लागली. रत्नाला ते ऐकूच आलं नाही.

“अगं, पोरीकडं बघ,” गोजराबाई म्हणाल्या, आणि कुशीवर वळता वळता कळ आली तशा तिथंच थांबल्या.

रत्नाला आता त्यांना सोडून उंबऱ्याबाहेर पडता येत नाही. तुम्ही पौड रस्त्यानं जाणार असाल तर पिरंगुटला उतरा. चंद्राबाईंचं घर विचारा. ‘बरी हाय’ म्हणतील त्या. तेवढ्यावर माघारी फिरू नका.