लाल पाटी

लाल पाटी दिसली आणि तिने उरलासुरला जीव पायांत आणला. वळणावर पाण्यात लाल पाटी बुडवली की शेवटची फेरी. दीड हजार मीटर, तीस फेऱ्या, त्यातली ही तिसावी. तिने भिंतीला हात लावला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बाजूला पाहिलं. अजून कोणीच आलं नव्हतं. अगंबाई, एवढी आघाडी!

मग शेजारच्या पट्टीतली आली, वळली आणि निघूनही गेली. तिच्यामागची पण वळली. वर उभा असलेला पंच दोन बोटं दाखवून ओरडत होता. तो काय म्हणतोय हे डोक्यात शिरेपर्यंत तिसरी पुढे गेली होती. दोन फेऱ्या बाकी होत्या आणि ही बाई भिंत धरून दम खात होती! ती पुन्हा सुटली, पण पायांत आता काही राहिलंच नव्हतं. शर्यतीत ती पाचवी आली. राष्ट्रीय संघात पहिल्या दोघीच जाणार होत्या. सव्विसाव्या वर्षी पुढच्या खेपेच्या गप्पा कोणी मारत नाही. प्रशिक्षकानेही मारल्या नाहीत. पोहताना तू स्वतः मोजत नव्हतीस का, एवढंच तो विचारत राहिला.

नव्हतीच मोजत. लांब पल्ल्याच्या शर्यतीत पोहणाऱ्याने पोहायचं. मोजायचं पलीकडच्या टोकाला बसलेल्या आपल्या माणसाने, आणि त्या टोकाच्या दर वळणाला आकड्याची पाटी पाण्यात बुडवून दाखवायची. बारा वर्षं बाबाच तिची पाटी धरत आले होते. एकदा म्हणून आकडा चुकला नाही. शेजारी बसून आईचं तोंड अखंड चालू असायचं, तरी या माणसाचं लक्ष ढळत नाही, याचं इतर पालकांना भारी कौतुक. आई मार्चमध्ये गेली. त्यानंतरची ही पहिलीच शर्यत होती.

ओल्या अंगानेच ती तलावाच्या कडेने तिकडे गेली. रडू येत होतं, आणि रडण्याहून जास्त राग. बाबा अजून खुर्चीतच होते. पाट्यांची चवड मांडीवर, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"आजच कसं चुकलं तुमचं?" तिने विचारलं.

बाबा मांडीवरच्या पाट्यांकडे बघत म्हणाले,

"मला कधी मोजता आलंच नाही गं. तू पाण्यात उतरलीस की मी तुझ्याकडेच बघत बसायचो. आकडा तुझी आई सांगायची. मी नुसती पाटी बुडवायचो."

पाण्याखालून तिला इतकी वर्षं फक्त पाटी आणि बाबांचा हात दिसला होता. आईची सगळी बडबड म्हणजे आकडे होते, हे तिला कधी कळलंच नाही. तिने विचारलं, मग आधी सांगायला काय झालं होतं? क्लबातली कुठलीही मुलगी हौसेने बसली असती. तिचं सगळं आयुष्य आज पणाला लागलं होतं, हे काय त्यांना माहीत नव्हतं?

माहीत होतं, बाबा म्हणाले. रात्रभर झोप नव्हती त्यांना. सकाळी दोनदा सांगायला म्हणून तिच्यापर्यंत आले आणि परत फिरले. त्यांनी पाट्या उगाचच नीट लावल्या.

"दुसरी कोणी इथे बसली असती, तर मी कुठे बसलो असतो?"